घोटानंतरचा घास : वाईन आणि आपलं जेवण, प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज वही उघडली. काम ठरलं ते असं : आमच्या पाच घरांसाठी वाईनची एक छोटी यादी करायची. बाटली इथे छत्रपती संभाजीनगरात मिळणारी हवी, ९०० रुपयांच्या आत बसायला हवी आणि घरच्या जेवणाला साजेशी हवी. चीज किंवा पास्त्यासोबत काय प्यावं हे हवं तेवढं वाचायला मिळतं. काळ्या मसाल्याचं वांगं, येसराची (भाजलेल्या धान्याच्या पिठाची) आमटी, अंबाडी, ज्वारीची भाकरी यांच्यासोबत काय, हे आपलं आपणच शोधावं लागणार.

आजवर आमच्याकडे चालत आलंय ते असं, की वाढदिवसाला कुणीतरी बाटली आणतं, ती बाहेरच्या खोलीत शेव-शेंगदाण्यांसोबत संपते आणि मग ताटं वाढली जातात. मला ती ताटाशेजारी हवी आहे, आमटीच्या वाटीजवळ.

पिण्याचे परवाने पाहून घेतले. काहींकडे १००० रुपयांचा आजन्म परवाना आहे, बाकीच्यांनी १०० रुपयांचा वर्षाचा काढला. महाराष्ट्रात वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात. पुतण्या २० चा, म्हणून त्याच्याकडे गुण लिहून घेण्याचं काम.

सासूबाई घेत नाहीत, पण स्वयंपाक त्यांच्या हातचा. बेत सांगितला तेव्हा म्हणाल्या, "ती वाईन कशी लागते ते मला सांगू नका. ती प्यायल्यावर माझी भाजी कशी लागते ते सांगा." मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. चाचणीची रीतही त्यातूनच निघाली : आधी घास, मग घोट, मग पुन्हा घास. गुण द्यायचे ते त्या दुसऱ्या घासाला.

१३ ऑक्टोबर

कालच दसरा झाला. आज तीन दुकानं फिरलो. पाटी 'वाईन शॉप'ची, आत भिंतभर व्हिस्की आणि रम, वाईनच्या वाट्याला कोपऱ्यातली एखादी फळी. तरी तीन दुकानं मिळून वीसेक प्रकार निघाले.

परदेशी बाटल्या हातात घेऊन परत ठेवल्या. आयात वाईनवर आपल्याकडे सीमाशुल्क आणि उपकर मिळूनच १५० टक्के. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे आणि तिकडच्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांना थोडी सवलत मिळते, पण आमच्या ९०० रुपयांना त्याचा उपयोग नाही. या पैशात आयात बाटली घेतली तर द्राक्षापेक्षा कर आणि वाहतुकीचेच पैसे जास्त मोजले जातात. तेवढ्यात आपल्या राज्यातली बाटली पुष्कळ बरी मिळते. सुलाची पहिली वाईन २००० साली आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. वीस-पंचवीस वर्षं या मातीत केलेलं काम त्या कोपऱ्यातल्या फळीवर उभं आहे. ती फळी नीट वाचायला शिकायचं.

आज घेतल्या : शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या, झिनफँडेलची रोझे म्हणजे गुलाबी, शिराझ आणि कॅबरने या लाल. लेबलवरचं साल बघूनच घेतल्या. या किमतीची पांढरी वाईन ताजी असतानाच चांगली. दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर हात लावायचा नाही, असा नियम करून टाकला.

२० ऑक्टोबर

पहिली चाचणी, भरलं वांगं. लहान काटेरी वांगी, देठ तसेच ठेवून चिरा दिलेल्या, आत शेंगदाण्याचा कूट, तीळ, भाजलेलं खोबरं आणि वर्षाचा करून ठेवलेला काळा मसाला. वर बोटभर तवंग. सोबत भाकरी आणि कांदा.

मसालेदार जेवण म्हणजे दणकट लाल वाईन, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. म्हणून आधी कॅबरने काढली. घोट घेतल्यावर सुपारी चघळल्यासारखं तोंड आवळलं. आणि दुसरा घास घेतला तर तिखट दुप्पट झालेलं, दगडफुलाचा वास कुठल्या कुठे, मागे नुसती कडवट चव. पाचही जणांनी पाण्याचा तांब्या मागितला.

कारण नंतर शांतपणे लिहून काढलं. लाल वाईन सालं आणि बियांसकट आंबवतात, त्यातून टॅनिन उतरतं. तोंड आवळतं ते त्यानेच. मिरचीने आधीच पेटलेल्या जिभेला ते टॅनिन आणखी खरखरीत वाटतं. वर १३-१४ टक्के अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. म्हणजे बाटली वाईट नव्हती, जागा चुकली होती.

मग शेनिन ब्लाँ काढली. तीन तास फ्रीजमध्ये होती, पेल्याला लगेच दव धरलं. हलका पेरूचा वास, जिभेला आंबटपणा आणि त्यामागे अगदी बारीक गोडी. दुसरा घास घेतला आणि क्षणभर कुणीच बोललं नाही. वांगं होतं तसंच होतं. उलट तेलाचा थर जिभेवरून निघून गेल्यामुळे खोबरं आणि तीळ वेगवेगळे कळत होते.

आतून सासूबाईंनी विचारलं, "आता कशी लागतीय?" म्हटलं, "आहे तशीच, आई." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक वांगं वाढलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आईकडे मामा आला होता. त्याची बाग जालना जिल्ह्यात, कडवंचीच्या बाजूला. पाणलोटाच्या कामावर त्या गावाने द्राक्ष उभं केलं हे मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. मामाची द्राक्षं खायची, वाईनची नव्हेत. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाईनचं बारीक, जाड सालीचं, बियांचं, आणि वेलीवर माल मुद्दाम कमी धरतात. छाटण्या मात्र दोन्हीकडे दोनच : एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळ छाटणी. मग जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात वेल थंडीत झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही. त्याला कात्रीनेच वेळापत्रक लावून द्यावं लागतं.

मामाने शेनिनचा घोट घेतला आणि विचारलं, "द्राक्ष गोड, मग हे आंबट कसं? साखर गेली कुठं?" त्याला सांगितलं : यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेचं १ टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे लिटरला २२० ग्रॅमच्या आसपास साखर असलेला रस घेतला तर तेराच्या आत-बाहेर टक्के. यीस्टला आधीच थांबवलं तर थोडी साखर उरते, आणि आमच्या वांग्याला सांभाळून घेणारी बारीक गोडी ती हीच.

मामाला तोंडी हिशेब पटत नाही. तो गाडीकडे गेला आणि डिकीतून रिफ्रॅक्टोमीटर घेऊन आला. बागेत मण्यांची गोडी मोजायचा, वापरून वापरून पट्टी गुळगुळीत झालेला. काचेवर थेंब टाकला, झाकण मिटलं आणि दाराकडे उजेडात धरलं. निळी रेघ ७ च्या आसपास. "हे बघ, सात दाखवतंय. पण जिभेला सात नाहीत."

मी निरुत्तर झाले. रात्री शोधलं. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही, प्रकाश किती वाकतो ते मोजतो, आणि अल्कोहोलही प्रकाश वाकवतं. म्हणून पूर्ण कोरडी, म्हणजे साखर न उरलेली वाईनसुद्धा त्यावर गोड दिसते. मामाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे जीभच खरी." वहीत हे जाड अक्षरात लिहिलंय.

१७ नोव्हेंबर

२० तारखेला मतदान, म्हणून उद्या संध्याकाळपासून दुकानं बंद. आजच दोन बाटल्या आणून ठेवल्या.

दुपारी अंबाडी. पाला शिजवून, ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वर लसणाची खमंग फोडणी ओतलेली. शेनिन इथे मार खाते. अंबाडी इतकी आंबट की घोट गुळमट पाण्यासारखा लागला. सॉव्हिन्यों ब्लाँ मात्र बरोबर बसली. तिचा आंबटपणा लिंबासारखा ताठ, वास चिरलेल्या ढोबळी मिरचीसारखा हिरवा. नियम सोपा : ताटातला पदार्थ आंबट असेल तर वाईन त्याहून आंबट हवी, नाहीतर ती फिकी पडते. चिंच-गुळाच्या आमटीलाही हेच लागू व्हावं.

२४ नोव्हेंबर

वाईट दिवस. नव्या दुकानातून आणलेली शिराझ पूर्ण बिघडलेली निघाली. रंग विटकरी, वास शिजवलेल्या मनुकांचा, चव सपाट. बाटली नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं : बूच तोंडाच्या वर किंचित उचललेलं आणि आवरणाखाली चिकट ओघळ वाळलेला. ही बाटली कधीतरी तापली, आतली वाईन फुगून बाहेर आली. दुकानाच्या काचेत पश्चिमेच्या उन्हात महिनोन् महिने उभी ठेवलेली असणार. मालकाने बदलून दिली नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं, ६५० रुपयांपेक्षा जास्त त्या बागवानासाठी. पाच महिने वेल जपून तोडलेला माल एका काचेमागे मेला.

मराठवाड्यात मे महिन्यात ४२ अंश असतं. इथे चांगली बाटली शोधणं म्हणजे अर्धं काम चांगलं दुकान शोधणं. आजपासून : काचेतली बाटली घ्यायची नाही. ज्या दुकानात वाईन आतल्या गार खोलीत किंवा फ्रीजमध्ये ठेवतात आणि माल लवकर फिरतो, तिथूनच घ्यायची. फिरकीच्या झाकणाची मिळाली तर आधी ती. ते स्वस्तपणाचं लक्षण मुळीच नाही. लवकर प्यायच्या वाईनला ते बुचापेक्षा खात्रीचं.

८ डिसेंबर

काल चंपाषष्ठी, रोडगे आणि भरीत झालं. उरलेल्या भरतासोबत आज गार रोझे. धुरकट वास आणि स्ट्रॉबेरीसारखी फळाची चव यांचं बरं जमलं. कच्चा कांदा आणि हिरवी मिरची जास्त असेल तर नाही.

३१ डिसेंबर

काल येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. औशाजवळ नणंदेच्या शेतात गेलो होतो. कोपीत पाच पांडवांची पूजा, आंबिलाचं मडकं, शेतभर पंगती. तिथे बाटली न्यायचा प्रश्नच नव्हता; त्या दिवसाचं पेय आंबिलच, आणि त्याच्यापुढे काही नाही. पण निघताना नणंदेने डबाभर भज्जी बांधून दिली. तूर, वाटाणा, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, हिरवी चिंच, बेसन लावलेली. येळवसीची भज्जी दुसऱ्या दिवशी मुरते, हे लातूरकडच्या कुणालाही विचारा.

आज रात्री ती गरम केली, बाजरीच्या उंड्यांसोबत. चार वाईन लावल्या. पुतण्याच्या तक्त्यात शेनिनला सर्वांत जास्त गुण पडले, पण माझं मत सॉव्हिन्योंला. चिंचेमुळे. यावर अर्धा तास वाद झाला आणि तो सुटला नाही. यादीत दोन्ही ठेवू.

बारा वाजता एक ब्रूट उघडली, नाशिकचीच, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून बुडबुडे आणलेली. मर्यादेच्या वर गेली, म्हणून यादीत नाही. पण सोबत चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, आणि त्यांचा फोडणीतला खमंगपणा त्या बुडबुड्यांसोबत असा काही लागला की वर्षातून एकदा मर्यादा मोडायला हरकत नाही असं सर्वानुमते ठरलं.

१९ जानेवारी २०२५

पैठण रस्त्यावर मैत्रिणीच्या शेतात हुरडा. आगटीत कणसं भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून. गूळभेंडी ज्वारी, दाणा हिरवा आणि दुधाळ. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, तीळ.

शेनिन बर्फाच्या बादलीत ठेवून नेली होती. हुरड्याची स्वतःची गोडी आहे आणि ही वाईन तिच्यावर कुरघोडी करत नाही. पण खरी गंमत चटणीची. शेंगदाण्याचं तेल आणि मीठ जिभेवर असताना घोट घेतला की वाईन जास्त गोल, म्हणजे मऊ लागते. मिठाचा हा गुण लाल वाईनबरोबरही चालतो. टॅनिनची धार मीठ आणि स्निग्ध पदार्थ बोथट करतात.

ठेच्याचीही चाचणी घेतली, एकदाच. हिरव्या मिरचीच्या ठेच्यापुढे कोणतीही वाईन चालत नाही. ठेचा आणि ताक. इथे शोध थांबवला.

ज्यांना गाडी चालवायची होती त्यांनी ताकच घेतलं. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात. तिघा-चौघांना जेवणासोबत एक बाटली भरपूर झाली.

९ फेब्रुवारी

लाल वाईनला न्याय द्यायचा राहिला होता. आज नान खलिया. शहागंजच्या बाजूने डब्यात आणला. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या लष्कराबरोबर हा पदार्थ इथे आला असं शहरात सांगतात. हळदीचा पिवळा-लाल रस्सा, मऊ शिजलेलं मटण, वर तरी, आणि भट्टीतली मोठी जाडसर नान.

खलियात गरम मसाला आहे, पण मिरची ताब्यात आहे. इथे अकलूजच्या फ्रातेलीची सांजोव्हेझे लावली. फ्रातेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीतले भाऊ, दिल्लीतले भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ही वायनरी उभी केली. द्राक्ष इटलीतल्या टस्कनीचं, बाग सोलापूर जिल्ह्यातली, धाराशिवकरांच्या तर शेजारचीच. टॅनिन बेताचं, आंबटपणा चांगला. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून काढली.

घास, घोट, घास. मटणाच्या चरबीने टॅनिन मऊ केलं आणि वाईनच्या आंबटपणाने चरबी कापली. दोघांनी एकमेकांचं काम केलं. ज्या आवळणाऱ्या चवीने ऑक्टोबरात वांग्याचा नाश केला, तीच इथे उपयोगी पडली. नानचा तुकडा रश्श्यात बुडवून खाताना लवंग आणि दालचिनी आधीपेक्षा स्पष्ट लागली. पाचपैकी पाच, सर्वांचे. शिराझसुद्धा ठीक, तिच्या मिरीसारख्या वासाचं गरम मसाल्याशी जुळतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणासोबत तीच सांजोव्हेझे पाहिली. पुन्हा आग. म्हणजे 'मटणाला लाल' हा नियम आपल्याकडे अर्धाच. आधी विचारायचं : तिखट किती? मग आंबट किती, तेल किती. मांस की भाजी हा प्रश्न चौथा.

२ मार्च

दोन किरकोळ चाचण्या. स्टीलचं फुलपात्र आणि काचेचा आत वळलेला पेला, दोन्हींत तीच शेनिन. फुलपात्रात वास सगळा पसरून जातो, पेल्यात साठतो. महाग ग्लास नको, पण तोंडाशी अरुंद हवा. उघडलेली पांढरी बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशीही आमटीसोबत चांगली होती. पाचव्या दिवशी तिचा जीव गेला, ती खलिया करताना मटण मुरवायला वापरली.

येसराची आमटी आज झाली. भाजलेल्या धान्याचा खमंगपणा आणि लसूण, तिखट मध्यम. शेनिन नेहमीसारखी, पण थोडी गार केलेली रोझेही तितकीच.

१३ एप्रिल

यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली, पाचही घरांत. शेनिन ब्लाँ चार पदार्थांपुढे, सॉव्हिन्यों दोन पुढे, रोझे दोन पुढे, सांजोव्हेझे खलियापुढे एकटी. कॅबरनेच्या समोर जागा मोकळी ठेवली आहे. कमी तिखटाचा पाया किंवा कबाब करून बघायचे आहेत.

उन्हाचा परिणाम आजच कळला. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं पुस्तकात असतं. ती खोली थंड देशातली, १६ ते १८ अंशांची. आज आमच्या स्वयंपाकघरात ३४ होतं. तसाच पेला भरला तर नाकात नुसता अल्कोहोलचा भपका आला. तीच बाटली ४० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवल्यावर फळाचा वास परत आला. जूनपर्यंत लाल बाटलीही भाजीच्या कप्प्यातच राहील. पांढरीला ८ ते १० अंश, म्हणजे फ्रीजमधून काढून काही मिनिटांनी.

मामाचा फोन आला होता. खरड छाटणी उरकली. पुढच्या रविवारी येतो म्हणाला, मामीने केलेलं येसर घेऊन. शेनिन गार करायला ठेव, आणि रिफ्रॅक्टोमीटर आणू का, असं विचारत होता. म्हटलं, आण.